लाल तेलातलं लोणचं

हुमनाबादच्या शिवलिंगअण्णांच्या दुकानात फळीवर लोणच्याच्या अकरा बरण्या आहेत. तोंडाला फडकं, फडक्यावर दोरा, सगळं रीतसर. आत मात्र कैरी नाही. लाल तेलात रबरी पाईपचे तुकडे मुरत घातलेत.

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं हे लाल तेल फार तापतं. ते थंड करायला कूलरपर्यंत दोन पाईप जातात. त्यांना कुठलं रबर टिकेल हे अण्णा कंपनीच्या छापावरून ठरवत नाहीत. नवा माल आला की तुकडा बरणीत. सहा महिन्यांनी काढायचा, वाकवायचा, नखानं दाबायचा. फुगला की निकाल : "नासला!"

मी जुन्या गाड्या घेतो-विकतो. शून्यातून वर आलोय. भाव पाडल्याशिवाय नारळसुद्धा घेत नाही. अण्णांनी मला आजवर एक रुपया सोडलेला नाही, आणि हे मी विसरणार नाही. वर चारचौघांत माझी ओळख, "तेलाला पाण्याचा पाईप लावणारा शेठ." एकदाच लावला होता! आठ दिवसांत फुगून फाटला, हे खरं.

पंचमीच्या आदल्या दिवशी माझ्याच गाडीखाली लाल थारोळं दिसलं. कलबुर्गीहून लेकीला आणायचं होतं. लग्नानंतरची तिची पहिली पंचमी. पिशवी भरून ती सकाळपासून दारात.

"अण्णा, पाईप द्या. कुठलाबी."

"कुठलाबी? जावई करताना कुठलाबी बघितलास काय?"

त्यांनी माप घेतलं, रोल उलगडले. एक सैल, एक घट्ट. "सैल पाईपला क्लिप किती बी आवळ, गळतोच. तुझ्या मापाचा माल परवा यायलाय."

तेवढ्यात मला खिळ्याला टांगलेली जोडी दिसली. कापलेली, क्लिपांसकट, नेमकी माझ्या मापाची.

"ती द्या."

"ती विकायची न्हाई."

"दुप्पट देतो!" हे मी बोललो, मी!

"न्हाई."

"कामून न्हाई? दुकान हाय का देवघर?" माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

अण्णा रोल गुंडाळत म्हणाले, "एवढी घाई कामून? कुठं जायलास?"

"लेकीला आणायला. पंचमीला."

अण्णा उठले. जोडी काढली, फडक्यानं पुसली. "पोराच्या गाडीची हाय. पुण्याहून येतो म्हणलाय. परतताना वाटंत गळाय नको."

"कधी येतोय?"

"येतो म्हणलाय." मग माझ्याकडं न बघता, "टांगून टांगून रबर कडक व्हतंय. दर पाडव्याला बदलतो."

पैसे नेहमीचेच घेतले. दुप्पट नाही, अन् रुपया कमीही नाही.

पंचमी झाली. लेकीला परत सोडायला निघालो तेव्हा दुकानापुढं गाडी थांबवली. अण्णा पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी गाडीखाली घुसले आणि कोरडं बोट नाचवत बाहेर आले. "बघ अक्का, थेंब न्हाई!"

लेक हसली. आत डोकावून म्हणाली, "बाबा, आपल्या पाईपांसारखीच जोडी टांगली बघा. जादा असू द्या, घ्या की एक."

खिळ्यावर नवी जोडी होती. अण्णांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "ती विकायची न्हाई."