ढोबळेकाकांची पिकअप वर जाते

आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, लोक सकाळी फिरायला निघत, तेव्हा ढोबळेकाका लोखंडी फूटपट्टी घेऊन रस्ता मोजायला निघत. फाटकापाशी उकिडवं बसून ते पट्टी उभी धरत, चष्मा कपाळावर चढवत आणि समोरून जो कोणी जाईल त्याला ऐकवत, "अजून बोटभर वर आला! राजधानी झाली म्हनून काय लोकाइले गाडून टाकता?"

त्यांचा राग उगाच नव्हता. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि आमच्या गल्लीवर डांबराचे थर चढू लागले. जुना रस्ता खरवडायचा नाही, त्याच्यावरच नवा अंथरायचा. बघता बघता काकांचं घर खड्ड्यात बसल्यासारखं दिसू लागलं. फाटकापासून पोर्चपर्यंतचा सिमेंटचा उतार घसरगुंडीसारखा झाला.

काका रेल्वेच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून रिटायर झालेले. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, यांनी जुनी पिकअप घेतली. ती पोर्चमधून वर चढताना तिचं पोट रस्त्याच्या काठाला घासे. खर्रर्र असा आवाज आला की पाऱ्याला कळे, काका निघाले. त्यापाठोपाठ काकांचा आवाज येई, तो आणखी मोठा.

त्यांनी महापालिकेला तीन अर्ज केले. पहिला मराठीत होता म्हणून परत आला. बाकीच्या दोन्हींना उत्तरच नाही. चौथा अर्ज लिहायला मी बसलो, तर त्यांनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला. "सुधाकर, रस्ता खाली येत नाही नं? मंग मी गाडी वर नेतो!"

म्हणजे चाकांचा एक्सल आणि कमानी, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, यांच्यामधे लोखंडी ठोकळे बसवायचे आणि अख्खी गाडी चार बोटं उचलायची. बीरगांवचा एक मिस्त्री हे काम करत असे. त्यानं गाडी पाहिली, काकांना पाहिलं आणि विचारलं, "इस उमर में गाड़ी ऊँची करके क्या करोगे, अंकल?"

काका तशीच गाडी फिरवून घरी आले. "चाळीस वर्षं वॅगनीखाली झोपलो मी, आन हा मले अंकल म्हनते! मी घरीच करतो. काहून नाही करनार?"

पोर्चचं छप्पर बुटकं, त्यामुळे काम उतारावर करायचं ठरलं. मी म्हटलं, "काका, उतारावर गाडी सरकंल नं. वर सपाट रस्ता आहे, तिथं लावा."

"त्याइच्या रस्त्यावर? माही गाडी? मरन आलं तरी नाही!"

रविवारी त्यांनी पुढच्या चाकांमागे विटा लावल्या, मागची बाजू जॅकवर घेतली आणि खाली शिरले. मी पाने हातात देत होतो. तेवढ्यात वर फाटकासमोर कोणीतरी स्कूटर आडवी लावली. गाडीखालून काकांना तिचं फक्त चाक दिसलं, पण तेवढं पुरलं. पान्यासकट बाहेर येऊन ते तरातरा वर गेले. "ओ भैया! हे काय तुमचं स्टँड आहे काय?"

त्याच क्षणी एक वीट फुटली. जॅक कलंडला आणि गाडी हातभर मागे सरकून पाण्याच्या टाकीवर आदळली. टाकी फुटली, पोर्चभर पाणी झालं. काका मिनिटभर तिथंच उभे राहिले. आपण आत्ता कुठं झोपलो होतो ते त्यांना दिसत होतं. मग ते म्हणाले, "हा उतार कोनामुळं झाला? सांग, कोनामुळं?"

काकू बाहेर आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या काकांपेक्षा मोठ्यानं बोलल्या. "बंद करा म्हनते नं मी!"

काकांनी बंद केलं नाही, पण विटा फेकल्या. दुसऱ्या दिवशी सालवृक्षाच्या लाकडाचे ठोकळे चारी चाकांना लागले, गाडी साखळीनं फाटकाच्या खांबाला बांधली गेली आणि जॅकच्या जोडीला खाली जाड लाकडांची थप्पी आली. चार दिवसांत काम झालं. पाचव्या दिवशी गाडी वर चढली. आवाज झाला नाही.

मी अभिनंदन करायला गेलो, तर काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "सोमवारी जरा येशील काय? भावजींना दवाखान्यात न्यायचं आहे. गाडी उंच झाली, आता त्याइले चढता येत नाही."

"कोण भावजी?"

काकांना मोठा भाऊ आहे हे मला ठाऊकच नव्हतं. काकूंनी सांगितलं. काकांच्या मुलीच्या लग्नात या भावाला, दादांना, मानाचं आमंत्रण उशिरा पोचलं, ते न जेवता मांडवातून उठून गेले, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. दादांची बायको गेली, मग ते पुरानी बस्तीतल्या घरात पडले, पाठीचं हाड मोडलं. काका पिकअप घेऊन गेले आणि त्यांना गादीसकट घेऊन आले. तीन महिने दादा मागच्या खोलीत होते. तरी बोलणं नाही. चहा हवा का, हेसुद्धा काकूंच्या मार्फत.

"पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तं गाडी घासली," काकू म्हणाल्या. "दचका बसला. भावजी लहान लेकरासारखे ओरडले. हे त्या दिवशी जेवले नाही."

सोमवारी आम्ही दादांना बाहेर आणलं. वाळलेला, उंच माणूस. खरंच चढता येईना. मी पाय धरणार, तोच काकांनी त्यांना दोन्ही हातांवर उचललं आणि सीटवर ठेवलं. मी दादांना टेकू देऊन दाराशी बसलो.

गाडी हळूहळू उतार चढली. काठ आला. दादांनी डोळे मिटून माझं मनगट आवळलं. पुढची चाकं गेली, मागची गेली, आणि आम्ही रस्त्यावर होतो.

काकांनी गाडी थांबवली. समोर बघतच विचारलं, "दुखलं काय?"

दादांनी माझं मनगट सोडलं. मग दादा म्हणाले, "नाही रे, वसंता."

काकांनी नाक पुसलं आणि गोल बाजारापर्यंत गाडी पहिल्या गिअरमधेच नेली. मागे रिक्षा, स्कूटरी, एक ट्रक, सगळे हॉर्न वाजवत होते. एक जण खिडकीशी येऊन वाट्टेल ते बोलून गेला.

काका कोणावरच ओरडले नाहीत.