मालकांना ‘बाहेर या’ कोण म्हणणार?

एका वस्तूवर एका वेळी एकाच माणसाचा हक्क असावा, या तत्त्वावर मानवी संस्कृती उभी आहे. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणाऱ्याला हे तत्त्व शिकवावं लागत नाही. शिरोली एमआयडीसीतल्या, लोखंडी भाग ओतणाऱ्या एका फाउंड्रीने मात्र त्यासाठी पुण्याहून सॉफ्टवेअर आणलं. त्यात कुणी एखादी नोंद उघडली, की तो ती बंद करेपर्यंत दुसऱ्याला तिथे बोट लावता येत नाही.

सॉफ्टवेअर माणशी वेगळे पैसे मागतं. मालक हंबीरराव काटकसरी (कामगारांच्या भाषेत चिकट), म्हणून त्यांनी एकच नाव घेतलं, स्वतःचं. परिणामी स्टोअरकीपरपासून मॅनेजरपर्यंत सगळे संगणकावर हंबीरराव म्हणूनच बसतात. समतेचं इतकं स्वस्त उदाहरण जिल्ह्यात दुसरं नसावं.

त्या दुपारी डिस्पॅचमधला कामिल कास्टिंगनी भरलेल्या ट्रकचा गेटपास काढायला बसला, तर पडद्यावर आलं : ‘हंबीरराव ही नोंद वापरत आहेत. थोड्या वेळाने प्रयत्न करा.’ ट्रक गेल्याशिवाय त्याला सुटी नव्हती आणि संध्याकाळी हातकणंगल्यात त्याच्या बहिणीची, अर्शीची, मंगनी होती. वडील वारलेले, पाहुण्यांना शब्द द्यायचा तो त्यानेच.

“साहेब, आपल्यातल्याच कुणीतरी उघडी टाकलीया,” तो मॅनेजर अमरसिंहांना म्हणाला. “समद्यांनी एकदम बंद करूया की.”

अमरसिंहांनी चष्मा काढला. “नाव कुणाचं दिसतंय? मालकांचं. मालकांस्नी भाईर या म्हणणार व्हय तू? आणि ट्रक टाकून गेलास, तर उद्या येऊ नगंस.”

युक्तिवाद बिनतोड होता. ताबडतोब समिती नेमली गेली (चहा-भडंगासह). नोंद सुटली का, यावर सभासदांनी आपापल्या टेबलावरून लक्ष ठेवायचं ठरलं. सुटली का हे कळायला ती उघडून बघावी लागते. ज्याला ती उघडून मिळे, तो तशीच ठेवून शेजाऱ्याला विचारायला उठे, “तुमच्याकडं उघडतीया का?” शेजाऱ्याकडे अर्थातच उघडत नसे. पहिला परत येऊन बंद करे, की तिसरा उघडे. बिघाड शंभर टक्के कायम आहे, असा निष्कर्ष समितीने एकमताने काढला.

उपाय कमी पडले असं कुणी म्हणू नये. वायरी उपटून, फुंकून परत लावल्या. पुण्याला फोन केला. “जे वापरतायत त्यांना बाहेर पडायला सांगा,” असं पलीकडची मुलगी म्हणताच अमरसिंहांनी फोन आपटला (मुलीवर संस्कार नसावेत).

शेवटी भीत भीत खुद्द हंबीररावांनाच विचारलं गेलं.

“मी मळ्यात जेवायलोय! मी कशाला काय उघडू?” ते गरजले. “थांबा, बघतो.”

त्यांनी मोबाइलवर नोंद उघडली, बघितली आणि मोबाइल उशाला घेऊन आंब्याखाली आडवे झाले. पडद्यावरचा संदेश त्या दिवशी प्रथमच खरा ठरला. पुन्हा फोन केला, तर मळ्यातल्या गड्याने ‘मालक झोपल्यात’ एवढंच सांगितलं.

ऊन उतरल्यावर आईचा, इमामबीचा, फोन आला. “कामिल, पावणं उठाय लागल्यात रं. येतोस का न्हाय?”

“अम्मी, मालक झोपल्यात,” कामिल म्हणाला. तो दुसरं काय सांगणार होता?

सुटीचा भोंगा झाला, समितीने संगणक बंद केले आणि ती ताठ मानेने घरी गेली. तिकडे मालकांच्या मोबाइलची बॅटरी संपली आणि इकडे नोंद सुटली. कामिलने गेटपास काढला, ट्रक गेला. तो घरी पोचला, तेव्हा मामाने शब्द देऊन टाकला होता आणि अर्शी चहाचे उष्टे कप गोळा करत होती. तिने भावाकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी समितीचा अहवाल आला. गेटपासला उशीर केल्याचा ठपका कामिलवर. आदल्या दिवशी सगळ्यांत आधी ती नोंद उघडून जेवायला कोण गेलं होतं, हा प्रश्न अमरसिंहांनी समितीपुढे ठेवलाच नव्हता.

हसलात ना? पण हे तुम्ही कामाच्या वेळेतच वाचताय. मागे काय उघडं टाकून आलात, तेवढं एकदा बघा. तिकडे कुणीतरी थोड्या थोड्या वेळाने प्रयत्न करतंय.