डावीकडे वळणारे गजभियेकाका

तोआ पायोहला आमच्या ब्लॉकमागे एक लहानशी बाग आहे आणि बागेभोवती चालायची वाट. सकाळी तिथे येणारे चिनी आजोबा, मलय मावश्या, दोन तमिळ मास्तर आणि मी, सगळे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायचो. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, आणि सिंगापुरात एखादी गोष्ट पाटीवर लिहिल्याशिवाय पाळली जाते हेच मुळात नवल. आमच्या शेजारचे गजभियेकाका मात्र उलटे फिरत. चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे, आणि प्रत्येक वळणावर डावा पाय जमिनीवर फर्रकन घासायचा. त्यामुळे त्यांची डावी चप्पल उजवीच्या कितीतरी आधी झिजे. चपलांच्या दुकानात "अंकल, ओन्ली लेफ्ट वन, कॅन?" असं विचारणारं दुसरं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेलं नाही.

एका वेसाकला, म्हणजे इथल्या बुद्धपौर्णिमेला, तर कहर झाला. विहारात आम्ही सगळे हातात मेणबत्त्या घेऊन प्रदक्षिणा घालत होतो आणि समोरून काका येत होते. एकटे, गर्दीच्या विरुद्ध, चेहऱ्यावर परम शांती. शेवटी एका चिनी आजीने त्यांच्या खांद्याला धरून त्यांना हळूच फिरवलं. काकूंनी घरी येईपर्यंत नवऱ्याशी अबोला धरला.

या सगळ्याचं मूळ इंग्लंडात होतं. काका नागपूरचे. तरुणपणी ऑल्डरविक नावाच्या गावी पंपांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून गेले आणि तिथे त्यांना स्पीडवे लागलं. एखाद्याला तंबाखू लागते तसं लागलं. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार मोटारसायकली, चार फेऱ्या, कायम डावीकडे. वळणावर मागचं चाक घसरवायचं आणि डाव्या बुटाला बसवलेला लोखंडी तळ मातीत टेकवायचा. गाडीला गिअर एकच, आणि ब्रेक नाहीच.

"ब्रेक नाही?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा किंचाळलेच.

"काहून पाहिजे ब्रेक? थांबायचंच असंल तर माणसानं घरीच बसावं ना!"

गावच्या संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. लिफ्टमध्ये काकांच्या तावडीत सापडलेला माणूस बगळ्यांचा इतिहास ऐकल्याशिवाय सुटत नसे. एका खाटकाने कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर संघ कसा काढला, वादळात कपडे बदलायच्या खोलीचं छप्पर कसं उडालं, कोणत्या वर्षी बगळे बाहेरगावचा एकही सामना जिंकले नाहीत. पेशव्यांचा क्रम माझा अजूनही चुकतो, बगळ्यांच्या कप्तानांचा चुकत नाही. बँकेत हिशेब करणाऱ्या बाईच्या डोक्यात एवढी जागा कशी उरली, हे माझं मलाच कळत नाही.

त्या गाड्यांच्या इंजिनात एरंडेल घालत. काकांच्या कपाटात म्हणून एरंडेलाची बाटली असायची. मार्गारेट नावाची तिथली एक बाई त्यांना सामन्यांचे निकाल फोनवर कळवी. बगळे जिंकले की काका बाटलीचं बूच उघडून डोळे मिटून हुंगत.

"लहानपणी एरंडेलाचा चमचा पाहून पळायचे म्हणे," काकू म्हणत. "आता बघ, कसे हुंगून राहिले. अत्तरच जसं!"

काकांचा लाडका शब्द 'पाच-एक'. चहा फक्कड झाला, पाच-एक. माझ्या मुलीचा निकाल लागला, पाच-एक. भानगड अशी की प्रत्येक शर्यतीत दोन्ही संघांचे दोन-दोन गडी असतात. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा. आपले दोघं पहिले-दुसरे आले की पाच-एक. पण एक पहिला आला आणि त्याचा जोडीदार शेवटी राहिला, तर तीन-तीन. म्हणजे नुसती बरोबरी.

"म्हणून आमचा टेड कप्तान," काका सांगत. "सगळ्यात वेगवान. पण मागं वळून पाहायचा, जोडीदार कुठं आहे. वेग कमी करायचा, त्याच्या बाहेरून चालवायचा, दुसऱ्याला आत घुसू द्यायचा नाही. एकटं पुढं पळणं कोणालाही जमते बाप्पा."

सार्सची साथ येऊन गेल्यानंतरची गोष्ट. मार्गारेटचा फोन आला की मैदान विकलं, तिथे घरं होणार, संघ बंद. शेवटचा एक सामना ठेवलाय, जुन्या सगळ्यांना बोलावलंय. काकांनी त्याच दिवशी विमानाचं तिकीट काढलं. संध्याकाळी बागेतल्या बाकावर ते गप्प बसलेले दिसले. गप्प गजभियेकाका हे दृश्य मला नवीन होतं.

"एवढं काय आहे हो त्या मैदानात?" मी चेष्टेने विचारलं.

ते म्हणाले, "आपल्याकडं आडनाव सांगितलं की समोरचा मनातल्या मनात काहीतरी जोखते. जल्मभर पाहिलं मी ते. तिथं पहिल्या दिवशी पायऱ्यांवर शेजारच्या म्हाताऱ्यानं नाव विचारलं. मार्गारेटचा बाप. मी सांगितलं. त्याला ते काही नीट म्हणता येईना. म्हणे, राहू दे, बगळ्यांच्या बाजूचा आहेस ना? मग सरक इकडं, आणि हा चहा धर. बस, एवढंच. मला त्या पायरीवर एकदा उभं राहून यायचं आहे."



आणि नेमकी काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. कुणीतरी रद्द केल्यामुळे मोकळी झालेली, सामन्याच्याच आठवड्यातली. नाही म्हटलं तर पुन्हा रांगेत. काकू बिचाऱ्या जिना उतरताना रडकुंडीला येत.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "ही आहे ना शेजारी."

मीही रजा घ्यायला तयार होते. काका नुसतं "हं" म्हणाले. दोन दिवसांनी त्यांनी हात झटकत जाहीर केलं, "सामनाच रद्द! तिकडं पाऊस. सगळा चिखल झाला. मातीवर कशा चालणार गाड्या?" काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि ऑपरेशन ठरलं.

ते छान पार पडलं. त्यानंतर एकदा मी ऑफिसात सहज इंटरनेटवर ऑल्डरविक शोधलं. सामना झाला होता. फोटोत लख्ख ऊन, आणि पायऱ्यांवर मावत नाहीत इतकी माणसं.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी काकांना गाठलं. "काका, तिकडे तर चांगलं ऊन पडलं होतं."

"हळू बोल," त्यांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. "नागपूरची शाळेतली नोकरी सोडून ती माझ्यामागं ऑल्डरविकला आली. मग इथं आली. दोन्ही वेळा मीच पुढं. आता ती इथं पडून असताना मी एकटा तिथं जाऊ? तीन-तीन होते मग. तिला सांगू नको."

मी उगाच कँटीनमधून कॉफी आणायला गेले.

पुढे काकू काठी घेऊन बागेत येऊ लागल्या. नवऱ्यासोबत, म्हणजे अर्थातच उलट्या दिशेने. काकू आतल्या कडेने, काका बाहेरून. दर चार पावलांनी मान वळवून काकूंच्या पायांकडे बघायचे. समोरून कुणी झपाट्याने आलं की मध्ये उभे राहायचे. बरोबरीने चालायचं म्हणून डावा पाय घासणंही त्यांनी सोडलं होतं.

एका सकाळी एक फेरी झाल्यावर काकू माझ्या बाकावर येऊन टेकल्या. थोडा दम खाल्ला आणि म्हणाल्या, "काय हो, तिकडचा पाऊस थांबला का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जोरात 'नाही' अशी मान हलवली. मी एक अक्षर बोलले नव्हते.

"तिच्याकडं काय पाहता? मार्गारेटचा फोन आला होता, तुम्ही औषधं आणायला गेले तेव्हा. रडून राहिली होती. म्हणे, सामना संपेपर्यंत तुमची जागा रिकामी ठेवली. कोणाला उभं राहू दिलं नाही तिथं."

काका खाली मान घालून आपल्या डाव्या चपलेकडे बघत राहिले.

काकूंनी काठी टेकली, दुसऱ्या हाताने त्यांचा हात धरला आणि उठल्या.

"चला," म्हणाल्या. "अजून तीन फेऱ्या राहिल्या."