कमलकाकूंची लाल बॅग

इतवारीतल्या आमच्या गल्लीत सकाळी दुकानं उघडली की जो तो आपापल्या देवाला उदबत्ती लावतो आणि पहिल्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसतो. समोरच्या भांड्यांच्या दुकानातल्या कमलकाकू मात्र उदबत्तीच्या आधी वजनकाटा पुसतात आणि त्यावर एक लाल बॅग ठेवतात. पितळेच्या घागरी नि तांब्याचे हंडे तोलणाऱ्या त्या काट्यावर दिवसाचं पहिलं वजन बॅगेचं. आकडा पाच किलोच्या आत आला की काकूंचा चेहरा खुलतो. वर गेला, की त्या दिवशी भवानी उशिरा होते, कारण काकू बॅग उपसायला बसतात.

बॅग प्रथमोपचाराची. आमची गल्ली अशी, की दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावंच लागतं. अँब्युलन्स चौकापर्यंत येते आणि तिथेच भोंगा वाजवत उभी राहते. तोवर पेशंटला सांभाळायचं काम काकूंनी स्वतःच्या अंगावर घेतलं आहे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काका गेले, त्यानंतर काही महिन्यांनी धरमपेठेत एका हॉलमध्ये प्रथमोपचाराचा वर्ग भरला. साठी ओलांडलेल्या काकू कॉलेजच्या पोरापोरींत पहिल्या रांगेत बसून तो पुरा करून आल्या. येताना प्रमाणपत्र आणलं आणि बॅगेत काय काय ठेवावं याची छापील यादी आणली. प्रमाणपत्र काकांच्या फोटोखाली लागलं. यादीशी मात्र त्यांचं पहिल्याच दिवशी वाजलं.

"थर्मामीटर काहून ठेवू गा प्रमोद?" त्यांनी मला विचारलं. "मे महिन्यात आपल्या गल्लीत सगळ्यायलेच ताप असते."

माझं दुकान त्यांच्या बरोब्बर समोर. ब्लाउजपीस, अस्तर, मांजरपाट. त्यामुळे बॅगेचा सल्लागार मी, कापडाचा पुरवठादार मी, आणि प्रयोगाचा बळीही मीच. जखमी माणसाचे कपडे कापायची कात्री आली त्या दिवशी काकू दुकानात येऊन म्हणाल्या, "आडवा हो." मी झालो. त्यांच्यापुढे कोण बोलणार! दोन बायका अस्तराचा रंग जुळवत होत्या, त्या थांबून बघू लागल्या. कर्र असा आवाज आला आणि माझ्या जीन्सचा डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत उघडा पडला.

"कापते," काकू समाधानाने म्हणाल्या आणि निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत मी काउंटरच्या मागून हललो नाही.

बॅगेत काय असावं यावर गल्लीत प्रत्येकाचं मत होतं. मतं फुकट असतात. पण काकूंचा एक नियम होता. ज्याला नवी वस्तू सुचवायची असेल त्याने ती बॅगेत घालून, बॅग खांद्याला लावून, चौकापर्यंत पळत जाऊन परत यायचं. "उचलून दाखव, मंग बोल." पलीकडच्या सराफाने ब्लडप्रेशरचं मशीन देऊ केलं. गडी पोट सावरत चौकात जाऊन आला आणि पायरीवर बसून धापा टाकायला लागला. "पाह्य," काकू म्हणाल्या, "मशीनची गरज तुलेच हाय. घरी ठेवजो."

गोळी बॅगेत नाही म्हणजे नाही. "गोळी डाक्टर देईन. आपण माणूस डाक्टरपर्यंत धड पोचवाचा." मग उरलं काय? हातमोजे, जखमेवर दाबायच्या पट्ट्या, माझ्या मांजरपाटाचे त्रिकोणी तुकडे, मीठसाखरेची पाकिटं, पाण्याची बाटली, चादर, टॉर्च, ती कात्री. मोडलेल्या हाडाला आधार द्यायला काकूंनी लाकडी फळ्या केल्या होत्या, त्याही संत्र्याच्या पेटीच्या. काटोलहून त्यांचा भाऊ दर मोसमात पेटी पाठवतो. संत्री शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पोटात जातात, फळ्या घासूनपुसून, कापडात गुंडाळून बॅगेत.

आणि सगळ्यात खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबरी चपलांचा एक जोड. निळे पट्टे, नऊ नंबर, जेन्ट्स.

या चपलेवरून गल्लीने काकूंची किती टर उडवली असेल! चहावाला गणेश म्हणायचा, "काकू, चक्कर आलेल्याले हुंगवता काय?" काकू हसायच्या नाहीत आणि उत्तरही द्यायच्या नाहीत. इतर प्रत्येक वस्तूचा त्या तासभर हिशेब देत. चपलेचं नाव काढलं की गिऱ्हाइकाकडे वळत.

पण टर उडवणारे आम्हीच, बाहेर त्यांच्या नावाने छाती फुगवून फिरणारेही आम्हीच. एका हमालाच्या पायावर पत्र्याचं बंडल पडलं, रक्ताची धार लागली. काकूंनी जखम अशी दाबून बांधली, की दवाखान्यात विचारलं, "हे कुणी बांधलं?" सोबत गेलेले आम्ही चौघं एकदम बोललो, "आमच्या काकूंनी!" जणू काही शिकवलं आम्हीच होतं. शेजारच्या गल्लीत गणपती मोठा बसतो, त्याचं आम्हाला काही वाटत नाही. आमच्याकडे काकू आहेत.

यंदा दिवाळीनंतर काकूंचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं. काकूंनी ते कुणाला सांगितलं नाही. पण एके सकाळी मी शटर उघडत होतो तेव्हा त्या बॅग घेऊन चौकाकडे निघालेल्या दिसल्या. त्यांचीच परीक्षा, त्यांच्याच नियमाची. अर्ध्या वाटेत त्यांनी बॅग एका हातगाडीवर टेकवली आणि नुसत्या उभ्या राहिल्या. मी आत गेलो. त्यांना पाहिल्याचं कळू द्यायचं नव्हतं.

दुपारी त्यांनी आम्हा सगळ्यांना दुकानात बोलावलं.

"आता बॅग तीन किलोची," त्या म्हणाल्या. "तीनच्या वर मी धावू शकत नाही. अन् धावणार तर मीच. सांगा, काय काय काढू?"

काय गोंधळ झाला तो! हमाल म्हणाला, पट्टीला हात लावू नका. गणेशला उन्हाळ्यात काकूंनी मीठसाखर पाजली होती, तो पाकिटांवर अडून बसला. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. "चप्पल काढा!"

"चप्पल सोडून बोला," काकू म्हणाल्या.

"पण काकू, काहून?" मी चिडलोच. "चादर काढून चप्पल ठेवाची म्हणजे काय!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बाटली काढून गणेशच्या हातात दिली. "पाणी तुह्याकडे असतेच. हाक मारली का आणजो." टॉर्च सराफाकडे गेला. चादर आणि कात्री माझ्याकडे. तरी काटा तीनच्या वर होता, आणि जेवढा वर होता तेवढंच वजन चपलेचं असणार हे भांडी तोलणाऱ्या बाईला सांगायची गरज नव्हती. काकूंनी थोडा वेळ विचार केला आणि भावाच्या पेटीच्या फळ्या काढून माझ्या काउंटरवर ठेवल्या. "सांभाळजो," म्हणाल्या. मला खरंच वाटलं, आता वय झालं काकूंचं.

एप्रिलात, लग्नसराईच्या भर गर्दीत, काटोलकडचे एक म्हातारे बाबा नातीच्या लग्नाची भांडी घ्यायला आले होते. मागून येणाऱ्या हातगाडीला चुकवताना ते पायरीवरून कोसळले. हात मनगटाच्या वर वाकडा झाला, कोपर सोलवटलं. आम्ही सगळे नुसते "अरे अरे" करत राहिलो. काकू मात्र डाव्या खांद्यावर बॅग टाकून पोचल्यासुद्धा.

"प्रमोद, फळ्या! कात्री! गणेश, पाणी आण. जखमेवर टाकाले, पाजाले नाही!"

आम्ही असे धावलो, की आयुष्यात उधारी वसूल करायलाही कधी धावलो नसू. काकूंनी बाही कापायला घेतली तर बाबा कळवळून म्हणाले, "सदरा नवा हाय वं बाई!"

"सदरा दुसरा भेटन, बाबा. हात भेटत नाही." कर्र. दोन फळ्या लागल्या, माझा मांजरपाट गळ्यात अडकला, हात स्थिर झाला. चौकात अँब्युलन्सचा भोंगा वाजला. बाबांना उठवायला आम्ही पुढे झालो, तर ते उठेनात. इकडेतिकडे बघत राहिले.

"माही चप्पल कुठी गेली?"

एक पायात होती. दुसरी हातगाडीखाली की नालीत, कोण जाणे. "राहू द्या ना बाबा चप्पल," गणेश म्हणाला, "चला लवकर."

"राहू काहून द्या?" काकू केवढ्याने तरी ओरडल्या. त्यांनी बॅगेतून निळ्या पट्ट्यांचा जोड काढला, खाली बसल्या आणि त्या धरलेल्या खांद्याच्या हातानेच बाबांच्या एकेका पायात चप्पल चढवली. बाबांनी पाय रोवून पाहिला. मग ते उठले आणि हमालाच्या खांद्यावर हात ठेवून, ताठ मानेने, आपल्या पायांनी चौकापर्यंत चालत गेले.

गर्दी पांगली. काकू माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं.

"तुह्या काकानंबी हेच विचारलं होतं," त्या म्हणाल्या. काका गेले त्या दिवशी मी गावाला होतो. मला एवढंच ठाऊक होतं, की त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना हातगाडीवरून चौकापर्यंत नेलं. "गाडीवर निजवलं होतं. दोनदा विचारलं, कमल, माही चप्पल कुठी हाय? मी म्हटलं, चप्पल काय घेऊन बसले, मुकाट्यानं पडून राहा. मंग ते बोललेच नाही."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "अनवाणी गेले गा. त्यायले कधी अनवाणी पाहालं नव्हतं मी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी अस्तराची घडी मोडून पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी एक रबरी जोड विकत आणला. निळे पट्टे, नऊ नंबर. समोर गेलो तेव्हा काकू काटा पुसत होत्या. मी जोड पिशवीत घातला आणि बॅगेच्या तळाशी ठेवला. माझ्याकडे उरलेल्या फळ्याही परत आत सरकवल्या. "चौकापर्यंत मी उचलीन काकू," मी म्हटलं. "तुम्ही नुसत्या पुढं धावा."

काकूंनी बॅग काट्यावर ठेवली. आकडा तीनच्या वर गेला असेल. काकू माझ्याकडेच बघत होत्या.

"जाय," त्या म्हणाल्या, "तुह्या दुकानात गिऱ्हाईक आलं." आणि आकडा न बघताच त्यांनी बॅग उतरवली आणि उदबत्ती लावली.