खिळा, व्हॅन आणि रूम नंबर बारा

मला अमरावतीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला त्या दिवशी बाबांनी दोन गोष्टी केल्या. बैठकीच्या भिंतीत माझ्या डिग्रीसाठी खिळा ठोकला आणि माझ्यासाठी जुनी पांढरी व्हॅन आणली. खिळा पहिल्या फटक्यात वाकला. तिथंच समजायला पाहिजे होतं.

आमचा मोझरीजवळ भाजीचा मळा. पोरगं इंजिनिअर व्हावं यापेक्षा ते गाडीतून उतरताना गावाला दिसावं, एवढीच वामनरावांची, म्हणजे माझ्या बाबांची, शिक्षणविषयक दृष्टी. कॉलेजच्या पुस्तिकेत मात्र एकाच पानावर दोन नियम होते : पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं होस्टेलातच राहावं, आणि वाहन आणू नये.

"बाबा, गाडी तिथं चालत नाही."

"काहून? टाकी फुल करून देल्ली ना?"

"नियमात चालत नाही."

"नियम पायी चालनाऱ्याले असते."

मग अकोल्याहून, जठारपेठेतून, ओमप्रकाशमामा आले. (मामांनी आयुष्यात स्वतःचं एकही काम केलं नाही, ते फक्त दुसऱ्यांची करतात.) त्यांनी पुस्तिका शेवटच्या पानावरून वाचली. मेसला माल पुरवणाऱ्या वाहनास आत मुभा.

"भाऊजी, गाडी पोराची नाईच. गाडी वांग्याईची!"

मेसवाला मामांच्या ओळखीचा निघाला. आठवड्यात मागची सीट निघाली, चार क्रेट चढले आणि मी ऐटीत गेटवर पोचलो. (हो, खूश मीही होतो. वर्गातली पोरं गाडी बघतील असं वाटलं होतं.) चौकीदार पंजाबराव रजिस्टर घेऊन आले.

"कोन?"

"विद्यार्थी. फर्स्ट इयर."

"मंग गाडी बाहीर."

"मेसची भाजी आहे काका."

"मंग आत जाय. खाली कर अन् अर्ध्या घंट्यात नीघ. भाजीवाल्याले होस्टेलात मनाई हाये."

"अहो, मी इथंच राहतो! रूम नंबर बारा!"

"त्या पोट्ट्याले सांगजो मंग, गाडी आनू नको मनून."

त्यांनी रजिस्टरात लिहिलं : भाजी, आत. अर्ध्या तासानं : भाजी, बाहेर. गाडी कुठंतरी सोडून, पायी परत येऊन विद्यार्थी व्हावं, तोवर वर्गातले तीन तास संपलेले असायचे. आणि संध्याकाळी गाडी मळ्यात पाहिजे, कारण वांगी पहाटे तोडायची. रूम नंबर बारामध्ये माझी गादी एकटीच शिकत होती.

"बाबा, मी होस्टेलात राहतो. गाडी दुसरं कोणी नेईल."

"गाडी तुह्यासाठी घेतली. दुसरा कोन चालवन?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मीच चालवली.

दिवाळीआधी प्राचार्यांनी आम्हा बापलेकांना बोलावलं. होस्टेलात हजेरी नाही, वर्गात हजेरी नाही. माझ्या बाजूनं एक साक्षीदार होता, पंजाबराव. मीच त्यांना बोलवा म्हणालो.

"हा मुलगा रोज येतो का?" प्राचार्यांनी त्यांना विचारलं.

"येते ना साहेब! एक खाडा नाई. पर हा इद्यार्थी नोय, भाजीवाला होय."

'एक खाडा नाई' ऐकून बाबांची छाती फुगली. प्राचार्यांनी माझं नाव कमी केल्याचा कागद पुढं सरकवला. मी बाबांकडं बघत राहिलो. आता बोलतील, चूक माझी, मीच त्याला गाडीला जुंपला. बाबा हात जोडून उठले.

"साहेब, गाडीचं कसं करू मंग?"

"गाडी येऊ द्या. वांगी चांगली असतात."

"बहू उपकार झाले," बाबा म्हणाले आणि मलाही नमस्कार करायला लावला.

आता मेसमागच्या लिंबाखाली पाटी आहे : भाजीची गाडी, राखीव. प्राचार्यांची कार उन्हात तापते. बाबा माझ्याकडं बोट दाखवून पाहुण्यांना सांगतात, "चंदनले कॉलेजात सोताची जागा हाये," आणि मामा मान डोलावतात, कारण ती त्यांनी मिळवून दिली.

यंदा नवी पोरं आली तेव्हा कॉलेजनं मलाही ओळखपत्र दिलं. फोटो माझाच, रंगीत. नावाच्या जागी 'भाजीपाला'. बाबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि वाकड्या खिळ्याला टांगलं.

रोज पहाटे स्टुलावर चढून ते काढावं लागतं. नाही तर पंजाबराव आत सोडत नाहीत.