उघड्या तोंडांचा पाठिंबा

“अख्ख्या वॉर्डात माझ्या मतांना विरोध करणारा एक माणूस दाखव! एकच दाखव!”

डॉक्टरांनी हे वाक्य सकाळी चहा पिता पिता फेकलं. समोर त्यांची बायको वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होती. तिनं मान वर केली नाही, कारण उभा शब्द सहा अक्षरी होता आणि नवऱ्याचं वाक्य रोजचंच होतं.

पण खरं सांगायचं तर डॉक्टर खोटं बोलत नव्हते हो! ते दातांचे डॉक्टर. बावीस वर्षांत त्यांच्या खुर्चीत अर्धा वॉर्ड आडवा होऊन गेला होता. माणूस आडवा, जबडा वासलेला, दोन्ही गालांत कापसाचे बोळे, जिभेखाली थुंकी ओढणारी नळी, आणि वरून डॉक्टर विचारतायत, “काय हो, या महापौरांना काडीची तरी अक्कल आहे का?”

“आं,” माणूस म्हणे.

“आहे का नाही, तुम्हीच सांगा!”

“आंऽऽ! आंऽ!”

“अगदी माझ्या मनातलं बोललात!”

असं बावीस वर्षं चाललं होतं. डॉक्टर पहाटे उठून तीन वर्तमानपत्रं वाचत, बातम्या बघत, बघता बघता टीव्हीला दम देत, आणि दहा वाजता दवाखान्यात पोचेपर्यंत मतांनी नुसते तट्ट फुगलेले असत. पहिला पेशंट खुर्चीत बसला की त्यांना हायसं वाटे. गल्लीतला रस्ता तिसऱ्यांदा का खणला, केंद्रातलं आघाडीचं सरकार किती दिवस टिकणार, अर्थमंत्र्यांना साधी बेरीज येते का, उड्डाणपुलाचा एक पाय हवेत का लटकतोय, सगळं सगळं ते सांगत. आणि सगळे माना डोलावत!

त्यामुळे वॉर्डाची निवडणूक जाहीर झाली, तेव्हा डॉक्टरांनी अपॉइंटमेंटच्या जुन्या वह्या माळ्यावरून खाली काढल्या. तीन दिवस नावं मोजली आणि चौथ्या दिवशी जाहीर केलं, “तीन हजार चारशे मतं खिशात आहेत. मी उभा राहतोय.”

आता मात्र बायकोनं पेन्सिल खाली ठेवली. दवाखान्याच्या काउंटरवर तीच बसत असे. खुर्चीतून उठल्यावर माणसं काय बोलतात, ते तिला ऐकू येई.

“अहो, त्यांच्या तोंडात तुमचा हात असतो!”

“हात माझा असतो, पण मान कोणाची असते? मान हलवतात ते!”

“मान हलते, कारण जबडा धरून तुम्ही हलवता.”

डॉक्टरांना हे फार लागलं. ते उठून उभे राहिले. “बरं तर मग! हरलो तर दवाखान्यात राजकारणावर अवाक्षर काढणार नाही. जन्मात नाही!”

“लिहून द्या.”

डॉक्टरांनी औषधं लिहायच्या कागदावर लिहून दिलं. खाली सही केली आणि सवयीनं शिक्काही मारला. बायकोनं तो कागद दवाखान्यात, खुर्चीसमोरच्या भिंतीवर चिकटवला. डॉक्टर वरवर हसले. निवडून नाही आलं तर एक वेळ चाललं असतं. पण ती खुर्ची, तो कापूस आणि बोलायला मिळणारी ती वीस-वीस मिनिटं गेली, तर मग माणसानं दिवसभर करायचं काय? नुसते दात बघायचे?

प्रचाराला ते घरोघरी निघाले. पहिलं घर रिटायर्ड पोस्टमास्तरांचं. चार वर्षांपूर्वी त्यांची अक्कलदाढ डॉक्टरांनी काढली होती.

“या, या!” पोस्टमास्तर दारातच म्हणाले. “मी वाटच बघत होतो!”

डॉक्टरांची छाती दोन इंच वाढली. बघा, म्हणे पाठिंबा नाही!

“बसा. माझी दाढ काढताना तुम्ही म्हणाला होतात, उड्डाणपूल म्हणजे या शहराचं वाटोळं आहे.”

“अगदी! पटलं होतं ना तुम्हाला?”

“त्यावर माझे सात मुद्दे आहेत,” पोस्टमास्तर म्हणाले आणि टपालाच्या कोऱ्या फॉर्मांचा एक गठ्ठा त्यांनी पुढ्यात घेतला. पाठीवर बारीक अक्षरात चार वर्षांची तयारी होती! डॉक्टर दुसऱ्या मुद्द्याला मध्ये बोलायला गेले, तर पोस्टमास्तर म्हणाले, “अंहं, हलू नका. थोडंच राहिलंय.” हे वाक्य डॉक्टरांना कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. ते दीड तासानं बाहेर पडले.

पुढच्या घरी शिवणकाम करणाऱ्या काकू होत्या. डॉक्टरांना बघताच त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून डबीत ठेवल्या. म्हणजे बराच वेळ बोलायचं होतं.

“डॉक्टर, पाण्याच्या पाइपलाइनबद्दल तुम्ही माझ्याशी बोललात, तेव्हा मी तीनदा ‘नाही’ म्हटलं. तिन्ही वेळा तुम्ही ‘शाब्बास’ म्हणालात!”

तिसऱ्या घरी गाडी शिकवणारे मास्तर. ते तर पायरीवर उभे राहूनच ओरडले, “तुम्ही अर्थमंत्र्यांना झोडपत होता ना, तेव्हा मी हात वर केला होता!”

“मला वाटलं, दुखतंय.”

“दुखत नव्हतं हो! मुद्दा होता! आणि तुम्ही मला आणखी एक इंजेक्शन ठोकलंत!”

असं दहा दिवस चाललं. ज्या दारात जावं, तिथं कोणाचं तरी राहून गेलेलं उत्तर डॉक्टरांची वाट बघत बसलेलं! शहाण्या माणसानं एव्हाना अर्ज मागे घेतला असता. पण आपले डॉक्टर घरी येऊन बायकोला म्हणाले, “अगं, लोक काय भरभरून बोलतात माझ्याशी! कोणी सोडायलाच तयार नाही. बाकीच्या उमेदवारांना दारात पाच मिनिटं देत नाहीत, मला दीड-दीड तास!”

“तुम्ही काय बोललात?”

“मला संधीच मिळाली नाही. इतका उत्साह!”

मग सभा झाली. शाळेचा हॉल घेतला होता. डॉक्टरांना वाटलं, पन्नास माणसं आली तरी पुष्कळ. आली दोनशे! भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी माइक हातात घेतला आणि कातर आवाजात सुरुवात केली, “माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या मनात काय आहे, ते मी गेली बावीस वर्षं ओळखून आहे...”

“आमच्या तोंडात काय आहे ते ओळखता! मनातलं आज ऐका!” मागून गाडीवाले मास्तर गरजले आणि हॉल टाळ्यांनी दणाणला.

बघता बघता स्टेजपुढे रांग लागली. रांगेत ढकलाढकली सुरू झाली. ती बघून डॉक्टरांच्या बायकोचा हात सवयीनं पर्समध्ये गेला आणि तिनं नंबरांच्या चिठ्ठ्या वाटायला सुरुवात केली! “नंबर घेऊन बसून घ्या. नंबर पुकारला की या. ज्यांना रूट कॅनॉलच्या वेळचं उत्तर द्यायचंय, त्यांना वेळ जास्त लागेल, त्यांनी शेवटी थांबा.”

तीन तास लोक बोलत होते. पोस्टमास्तरांनी सातही मुद्दे मांडले, वर एक आठवा सुचला तोही मांडला. काकूंनी पाइपलाइनीचा नकाशा आणला होता. डॉक्टर स्टेजवर खुर्चीत बसून होते. तोंड उघडं होतं, पण त्यातून शब्द म्हणून बाहेर पडला नाही.

निकाल लागला. चालू नगरसेवक, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, ते पुन्हा निवडून आले. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ याला तीनशे चाळीस मतं पडली. डॉक्टरांना एकसष्ट!

डॉक्टरांना फार वाईट वाटलं. हरण्याचं नाही, पण बावीस वर्षं ज्यांना आपण आपली माणसं समजत होतो, ती नुसती तोंड उघडून पडली होती, याचं. आपण किती मूर्ख! कोणी तरी एकदा थांबून नीट विचारायला नको का, की बाबा, हे ‘आं’ म्हणजे होय की नाही? पण गडी शब्दाचा पक्का. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात ते “तोंड उघडा”, “चूळ भरा” आणि “आता बंद करा” एवढंच बोलू लागले.

आणि दवाखान्यात शांतता पसरली. अगदी भयाण शांतता! त्या शांततेत ड्रिल सुरू झालं की नुसतं घूंऽऽऽ. पेशंट खुर्चीचे हात घट्ट धरी. कपाळावर घाम. जिथं काही दुखत नव्हतं, तिथंही दुखायला लागलं. काकूंना साधे दात साफ करताना चक्कर आली. गाडीवाले मास्तर फिलिंग अर्धवट टाकून निघून गेले, तेही गळ्यात निळा कागद बांधलेला तसाच! तिसऱ्या आठवड्यात पोस्टमास्तरांनी डॉक्टरांचं बोट चावलं.

“माफ करा हो डॉक्टर!” ते ओशाळून म्हणाले. “पण आधी तुम्ही बोलायचात ना, तेव्हा माझं सगळं लक्ष तुम्हाला काय उत्तर द्यायचं त्यात असायचं. दाढ कधी निघाली, पत्ता लागला नव्हता. आता तोंडात काय काय करताय, ते सगळं कळतंय मला! बोला ना काहीतरी. ते आघाडी सरकार पडतंय म्हणतात...”

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. आघाडी सरकारवर त्यांच्याकडे पाऊण तासाचा ऐवज तयार होता! त्यांनी बोटावर पट्टी बांधत भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

इकडे घरी निराळीच तऱ्हा. दवाखान्यात तुंबलेलं सगळं घरी वाहायला लागलं. जेवताना महापालिका, भांडी घासताना संसद, आणि बायको शब्दकोडं घेऊन बाथरूममध्ये बसली तर दाराबाहेरून परराष्ट्र धोरण! तिचा एकही उभा शब्द आठवडाभर पुरा झाला नव्हता. अपॉइंटमेंटच्या वहीत मात्र नावांपेक्षा खाडाखोड जास्त. दवाखाना असाच चालला तर कुलूप लावावं लागेल, हे तिला दिसत होतं.

अशातच एका दुपारी एक गाल टरारून सुजलेला माणूस दार ढकलून आत आला. भाऊ! स्वतः नगरसेवक!

“डॉक्टर, मरतोय मी,” ते खुर्चीत कोसळले. “काढा ही दाढ. आत्ताच्या आत्ता.”

डॉक्टरांनी तपासलं. दाढेखाली पू झाला होता. अशा वेळी इंजेक्शन म्हणावं तसं लागू पडत नाही. एक दिलं, दुसरं दिलं. चिमटा नुसता टेकवला, तर भाऊ खुर्चीतून वीतभर वर उडाले.

“तुम्ही बोला!” ते कळवळून म्हणाले. “सगळे सांगतात, तुम्ही बोललात की दुखत नाही. मला शिव्या घाला! रस्त्यावरून घाला, पुलावरून घाला, पण बोला!”

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. बावीस वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली, तो समोर आडवा पडला होता. तोंड उघडं, गालात कापूस, पळून जायची सोय नाही! आणि आपल्या तोंडाला कुलूप! त्यांनी रडवेल्या चेहऱ्यानं भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. सही होती, शिक्काही होता.

“वहिनीऽऽ!” भाऊंनी काउंटरकडे हाक मारली. “तुमच्या पाया पडतो! सोडा यांना!”

बायको आत आली. तिनं सुजलेला गाल बघितला, नवऱ्याचा चेहरा बघितला, काल रात्रीचं परराष्ट्र धोरण आठवलं, आणि भिंतीवरचा कागद काढून टराटरा फाडला.

“बोला,” ती म्हणाली. “पण इथंच. घरी एक शब्द नाही!”

आणि डॉक्टर सुटले! तीनदा खणलेल्या रस्त्यापासून सुरुवात केली. भाऊंच्या भुवया वर गेल्या. पाइपलाइनीवर आले, भाऊंच्या मुठी वळल्या. हवेत लटकलेल्या पुलावर आले, तेव्हा भाऊंचे कान लाल झाले, पाय आपटायला लागले, घशातून “आं! आंऽऽ!” असे आवाज यायला लागले. डॉक्टर महापौरांवरून मंत्रिमंडळावर, मंत्रिमंडळावरून अर्थसंकल्पावर गेले, आणि अर्थसंकल्पातल्या तुटीवर खण्णकन आवाज झाला. दाढ ताटलीत पडली होती.

भाऊंनी चूळ भरली, जीभ फिरवून बघितली. “निघाली? कधी?”

“आत्ता. दुखलं?”

“छे हो! जरासुद्धा नाही!”

डॉक्टर पुढे झुकले. त्यांचे डोळे चमकत होते. “म्हणजे मुद्दे पटले?”

“एकही नाही, डॉक्टर! पटले असते तर दुखलं नसतं का?”

आता दवाखाना पुन्हा भरभरून चालतो. काउंटरवर बायको प्रत्येकाला नाव विचारते, वय विचारते, आणि मान वर न करता विचारते, “बधिर करायचं ते इंजेक्शननं, की डॉक्टरांनी?” साधं फिलिंग असेल तर लोक म्हणतात, इंजेक्शन चालेल. अक्कलदाढ असेल तर जरा घाबरून, हळूच म्हणतात, “दोन्ही.”

आत डॉक्टर ते ऐकतात, ऐकलंच नाही असं दाखवतात आणि घसा साफ करून घेतात.