अण्णांचं ‘आत’

अण्णांकडे पहिल्यांदा गेलेला माणूस हमखास चुकायचा. फाटक उघडून, अंगण ओलांडून तो घराच्या पायरीवर चढला, की मागून आरोळी यायची, "बाहेर कुठं चालले? आत सरका, आत! जागा हाय!"

वळून पाहावं, तर बागेच्या मधोमध सागवानी चौकट. भिंत नाही, छप्पर नाही. नुसती चौकट आणि तिला एसटीतली घंटीची दोरी. अण्णा लातूर-मुखेड गाडीचे रिटायर कंडक्टर. दोरी ओढल्याशिवाय प्रवेश नाही. एकदा मी, त्यांचा शेजारी, चौकटीच्या बाजूने मोकळ्या हवेतून शिरलो, तर म्हणाले, "भिंत फोडून यायलास का रे, चोरा?"

चौकटीपलीकडे कडुलिंबाखाली दिवाणखाना: शहाबादी फरशीचे ओटे, खोडाला घड्याळ, कॅलेंडर. शेवग्याखाली स्वयंपाकघर. मोगऱ्याच्या कुंपणामागे निजायची खोली. मोगरा असा माजलेला, की वासाने पार तिकडे जळकोट गावची माणसं शिंकायची. पाऊस आला की अण्णा ‘खोल्यां’वर ताडपत्री ओढायचे. आणि खरं घर? त्यात कांदे राहायचे, ऐसपैस.

आज लातुरात आमच्या गल्लीत क्लासचे बोर्ड इतके झालेत, की आभाळ दिसत नाही. तेव्हा नुकतीच सुरुवात होती. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांसाठी लोक संडासावरसुद्धा खोली चढवत होते. मीही तीन मजले उठवले आणि वास्तुशांतीला अण्णा-सुमनकाकूंना जेवायला बोलावलं.

काकू माझ्या दारापर्यंत आल्या. वरच्या स्लॅबकडे पाहिलं आणि थांबल्या. मुठीत अण्णांची बाही.

पंगतीतली एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबुजली, "भूकंप होऊन इतकी वर्षं झाली, अन् ही बारा महिने बाहेरच बसती का गं?"

बाया फिदीफिदी हसल्या. काकूंची मान खाली गेली.

"इथं बाहेर कोण जेवतंय?" अण्णा गाडीतल्या आवाजात गरजले. "चला सुमनबाई, आत जाऊ!"

मी दोन ताटं घेऊन मागे धावलो. त्यांच्या फाटकाशी अण्णा हळू आवाजात बोलले. या माणसाला हळू बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

"भूकंपाच्या त्या पहाटेपासून छताखाली तिचा जीव गुदमरतो, बाबा. लोक म्हणायले, बाहेर बसली, बाहेर बसली. मग म्या ‘आत’च इकडं आणलं."

काकू पुढे गेल्या होत्या. मी चौकटीशी अडलो. दोन्ही हातांत ताटं. दोरी ओढू कशी?

"अरे, बाहेर का उभा?" म्हणत काकूंनी पदर सावरला, पलीकडून स्वतःच घंटी मारली आणि बाजूला सरकल्या. "ये, आत ये."